पाळी गेलेल्या आईची 1.8 सेंमीची स्तनातली गाठ काढली. कॅन्सर पसरायचा धोका कसा ठरवतात?

नुसत्या मापावर जाऊ नका. ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ती पायरी) काय आणि काखेतल्या किती लसिका गाठींत कॅन्सर सापडला, ते आधी बघा. केआय-67 (किती पेशी वाढीला लागल्यात तो आकडा) वर एकट्यावर विसंबू नका, लॅबगणिक आकडा हलतो. कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह (पेशींत इस्ट्रोजेन हार्मोनचे रिसेप्टर असलेला), हर-2 निगेटिव्ह (हर-2 प्रथिन जादा नसलेला) आणि काखेत कॅन्सर असलेल्या 0 ते 3 गाठी असतील, तर ऑन्कोटाइप डीएक्स ही 21 जनुकांची चाचणी कामाची. पाळी गेल्यावर या चाचणीचा धोक्याचा स्कोअर 25 पर्यंत आला, तर केमोने सहसा जादा फायदा होत नाही. हार्मोनची गोळी मात्र किमान 5 वर्षं. चाचणी पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) होते. त्याआधी तुकडा फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) 6 ते 72 तास हवा. कमी राहिला तर ईआर खोटाच निगेटिव्ह दिसू शकतो.