वाचकांचे प्रश्न : पोकळ स्नेअर आणि मुदत नसलेला करार

प्रश्न : सांगलीतला आमचा चौघांचा रॉक बँड. एक छोटं लेबल (गाणी प्रकाशित करणारी कंपनी) आमचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढतंय. ड्रम रेकॉर्ड केले, पण स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) पोकळ वाजतो. शिवाय लेबलच्या करारात मुदतच नाही. सही करावी का?

उत्तर : स्नेअरला वरून-खालून दोन माइक असतील, तर खालच्याची फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटी करा. काठी पडली की वरचं चामडं माइकपासून लांब जातं, खालचं माइककडे येतं. त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांना खातात. फेज उलटवायचं बटण दाबताच 'ठप्प'चा 'धाड' होईल. रेकॉर्डिंग २४ बिट वेव्ह फाइलमध्येच (आवाज न दाबता साठवणाऱ्या) करा.

सही घाईनं नकोच. मुदत लिहिली नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याच्या हक्कांचं हस्तांतरण ५ वर्षांचं मानतात. तरी ती लिहूनच घ्या. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क तर अजिबात सोडू नका.