पदवीप्रदान समारंभाला जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा पुण्यातल्या महाविद्यालयातून बी.कॉम. झाला. पुढच्या आठवड्यात तिथेच पदवीप्रदान समारंभ आहे. पालकांसाठी दोनच पास मिळालेत. पण ७८ वर्षांच्या सासूबाईंनाही यायचंय. त्यांना न्यावं का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : जरूर न्या, मात्र सभागृहात सुरुवातीपासून बसवायचा हट्ट नको. असा समारंभ अडीच-तीन तास सहज चालतो आणि गर्दीत मधल्या खुर्चीवरून उठून स्वच्छतागृहापर्यंत जाणं वयस्कर माणसाला जड जातं. जादा पाससाठी कार्यालयात विचारायला हरकत नाही, पण त्या भरवशावर राहू नका. त्यांना जवळच्या नातेवाइकांकडे थांबवा आणि समारंभ संपता संपता महाविद्यालयाच्या आवारात आणा. घरच्यांसोबतचे चांगले फोटो तिथेच निघतात.

मुलाला मात्र आधीच बजावून ठेवा. समारंभात घालायच्या गाऊनसाठी भरलेली अनामत परत मिळवण्यासाठी मुलं कार्यक्रम संपला की लगेच गाऊन द्यायला रांग लावतात. आजी पोहोचेपर्यंत गाऊन गेलेला असतो. तो किती वाजेपर्यंत परत घेतात, हे सकाळी घेतानाच विचारायचं.

कपड्यांचंही सांगतो. गाऊनवरच्या हूडला, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडायच्या पट्ट्याला, पुढच्या बाजूला बहुधा छोटा लूप असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. गळ्याशी बटण नसलेला कुर्ता घातला, तर हूड मागे ओढला जाऊन गळ्याला लागतो. दोन-तीन सेफ्टी पिना पर्समध्ये असू द्या. गाऊनऐवजी उपरणं देत असतील, तरी खांद्यावर टाचायला त्या लागतातच.

प्रश्न : लांबून मोबाइलवर फोटो नीट येत नाहीत. काय करावं?

उत्तर : मागे एलईडी पडदा असला की चेहरा काळा येतो. स्क्रीनवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. फ्लॅश बंद ठेवा, तो तीन-चार मीटरच्या पुढे उपयोगाचा नसतो. प्रमाणपत्र घेताना मुलाचं तोंड पाहुण्यांकडे असतं. म्हणून विद्यार्थी मंचावरून ज्या बाजूनं उतरतात, त्या बाजूची कडेची खुर्ची धरा.

प्रश्न : थोरल्याच्या वेळी प्रमाणपत्रातली चूक घरी आल्यावर लक्षात आली आणि फार धावपळ झाली. या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर : प्रमाणपत्र तिथेच उघडून वाचा, आवाराबाहेर पडण्यापूर्वी. मंचावर कधी नुसतंच फोल्डर देतात आणि प्रमाणपत्र नंतर खिडकीवर सही घेऊन मिळतं. खरं प्रमाणपत्र मंचावरच देत असतील, तर दुसराच धोका. गठ्ठा क्रमानं लावलेला असतो. एखादा विद्यार्थी गैरहजर राहिला की एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हाती जातं.

सोबत दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्राची आणि शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेची प्रत न्या. इंग्रजी स्पेलिंग त्यांच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मग देवनागरी नावाकडे वळा, कारण खऱ्या चुका तिथेच असतात. अर्ज भरताना बरेच जण इंग्रजी कळफलकावरून मराठी टाइप करतात. त्यात ‘सुनीता’ची ‘सुनिता’ होते, ‘कुलकर्णी’तला रफार भलत्या अक्षरावर जातो. आईचं नाव वेगळं छापलं असेल तर तेही तपासा. त्यानंतर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), विषय, श्रेणी आणि उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष.

चूक दिसली तर पेनानं काहीही करू नका. खाडाखोड झालेला कागद पुढे कुणी मान्य करत नाही. त्याच दिवशी परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या, वर सांगितलेल्या प्रती जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पदवी विद्यापीठाची असते, महाविद्यालय ती फक्त हाती देतं. त्यामुळे दुरुस्ती विद्यापीठातूनच होऊन येते आणि तिला वेळ लागतो. मूळ प्रमाणपत्र जमा करावं लागलं, तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. मुलाला लगेच पुढे प्रवेश घ्यायचा असेल, तर ही पोच फार कामाची.

प्रश्न : प्रमाणपत्र लॅमिनेट करून फ्रेम करावं का?

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. मुलगा पुढे परदेशी गेला, तर काही देशांसाठी प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी साक्ष, लागतं. त्याचं स्टिकर आणि शिक्के कागदावरच उमटावे लागतात, प्लास्टिकवर चालत नाहीत. आधीच लॅमिनेट झालेलं असेल, तर घरी सोलायला जाऊ नका, पापुद्र्याबरोबर छपाईही निघते. भिंतीवर लावायची हौस असेल, तर रंगीत झेरॉक्स फ्रेम करा. मूळ प्रत गुंडाळी न करता सपाट ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पिशवीला छपाईची शाई कालांतरानं चिकटते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचं फोल्डर घ्या. पावसाळ्यात त्यात सिलिका जेलची पुडी टाका. विद्यापीठानं पदवी राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात (पदव्या-प्रमाणपत्रांच्या सरकारी ऑनलाइन साठ्यात) चढवली असेल, तर मुलाला ती डिजिलॉकरमध्येही घेता येईल. तिथलं नाव आधार कार्डाशी जुळतं का, तेवढं आधी पाहून घ्या.