बर्लिनच्या कडेला, दोन नद्यांच्या संगमावर

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. तिचे वर्ग आडलर्सहोफला भरतील. क्योपेनिकमध्ये तिला एका सामायिक घरात खोली मिळते आहे. पण ओळखीचे म्हणतात, ते अगदी शहराबाहेर आहे, पूर्वेकडचं आहे, पोर एकटी पडेल. तुम्ही तिथेच राहता. काय करावं?
– एक आई

उत्तर : खोली घ्या. शहराच्या मध्यातल्या अलेक्झांडरप्लात्झला जायचं तर एस-३ लोकलने साधारण अर्धा तास लागतो, म्हणून लोक लांब म्हणतात. पण मुलीला रोज जायचंय आडलर्सहोफला, आणि तिथे ६१ नंबरची ट्राम जुन्या गावातून थेट जाते. शहराच्या मध्यात खोली घेतली, तर तीच रोज लांबून येईल.

आणि क्योपेनिकला बर्लिनचं टोक म्हणणं मला पटत नाही. १९२०पर्यंत हे स्वतंत्र गाव होतं. डामे नदी श्प्रेला मिळते तिथल्या बेटावर बाराव्या शतकात याक्सा नावाच्या स्लाव राजाचा गड होता; आज तिथे राजवाडा आहे आणि त्यात कलाकुसरीच्या वस्तूंचं संग्रहालय. समोरच्या काठाला कीट्स ही कोळ्यांची जुनी वस्ती, बुटक्या घरांची.

गावाची प्रसिद्ध गोष्ट मुलीला कुणीतरी सांगेलच. १९०६ साली विल्हेल्म फोइग्ट या चांभाराने कॅप्टनचा जुना गणवेश चढवला, रस्त्यात भेटलेले शिपाई हाताशी घेतले, नगरपालिकेत शिरून महापौरांना अटक केली आणि तिजोरीतले पैसे घेऊन गेला. सगळे हसत सांगतात. मला मात्र त्याची आधीची हकीकत जास्त लागते. तुरुंगातून सुटलेल्या या माणसाला पोलिसांनी राहत्या जागेतून हद्दपार केलं होतं, आणि आपल्याला पासपोर्ट हवा होता, असं त्याने नंतर सांगितलं. कागद नसला की माणूस कुठलाच राहत नाही, हे परदेशात आलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मुलीला बजावा : राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. ते पत्र देणार का, हे आत्ताच विचारा. ‘नोंदणी जमणार नाही’ असं उत्तर आलं, तर ती खोली सोडा, कितीही स्वस्त असो. आणि खोली कुणी विश्वासातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका.

मला विचाराल, तर या गावाची खरी मानकरी हेनरिएटे लुस्टिग. तिने १८३५ साली बर्लिनकरांचे कपडे पैसे घेऊन धुवायला सुरुवात केली. नदीचं पाणी होतं, कपडे वाळत घालायला काठावरची कुरणं होती. बघता बघता घरोघरी हाच धंदा सुरू झाला आणि क्योपेनिकला ‘बर्लिनचं धुणीघर’ म्हणू लागले. पलीकडचं श्पिंडलर्सफेल्ड तर एका मोठ्या धुलाई आणि रंगाईच्या कारखानदाराच्या नावावरूनच ओळखलं जातं. या बायकांचे लाल झालेले हात डोळ्यांसमोर आणल्याशिवाय मला ही नदी पाहता येत नाही.

आता ‘पूर्वेकडचं’ याबद्दल. तुमची काळजी मी खोटी ठरवणार नाही. जून १९३३मध्ये नाझींच्या एसए टोळ्यांनी इथल्या शेकडो विरोधकांना पकडून छळलं, अनेकांना मारलं. त्या ‘रक्तसप्ताहा’चं स्मारक जुन्या तुरुंगात आहे, मुलीने ते जरूर पाहावं. परक्यांना विरोध करणाऱ्यांना आजही इथे मतं मिळतात, आणि ट्राममध्ये तिरकस बोलणं मीही ऐकलंय. तरी रात्री उशिरा एकटी घरी येताना मला इथे भीती वाटत नाही. खरा त्रास डिसेंबरचा : चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा खोलीत बसून राहू नको, विद्यापीठाच्या खेळांत किंवा एखाद्या गायनवृंदात नाव घाल, हे तिला आधीच सांगून ठेवा. युनियन बर्लिन या इथल्या फुटबॉल क्लबचा सामना असेल त्या दिवशी क्योपेनिक स्टेशन तुडुंब भरतं. तेव्हा श्पिंडलर्सफेल्डहून एस-४७ धरावी. या क्लबचं मैदान २००८-०९मध्ये दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी स्वतः राबून नव्याने उभं केलंय. शेजारी कसे आहेत, हे त्यावरूनही कळेल.

प्रश्न : उन्हाळ्यात बर्लिनला एकच मोकळा रविवार आहे. क्योपेनिकला काय करू?
– एक वाचक

उत्तर : राजवाड्याजवळून ६८ नंबरची ट्राम घ्या आणि ग्र्युनाउला वासरश्पोर्टआलेवर उतरा. १९३६च्या ऑलिंपिकच्या नौकाशर्यती इथेच झाल्या. तिथून एफ-१२ ही छोटी फेरीबोट डामे ओलांडून वेंडेनश्लॉसला नेते. ट्रामचंच तिकीट चालतं, वेगळे पैसे नाहीत. परतायला ६२ नंबरची ट्राम. पोहता येत असेल तर दुपारी म्युगलझेला जा. बर्लिनमधलं हे सर्वांत मोठं सरोवर, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी लाटा उठतात. मुलं बरोबर असतील तर काठ सोडू नका.