साडीचा वास आणि साडीला वास

हैदराबादेत राहणाऱ्या एका मराठी आईने विचारलेला प्रश्न. सुट्टीत गावी गेल्यावर तिची मुलगी आजीला बिलगली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या साडीला वास येतोय." साडी कपाटात केवड्याच्या पातीत ठेवलेली होती आणि मुलीला तो वास फार आवडला होता. आजी मात्र पदर हुंगत उठली आणि साडी बदलून आली. आई विचारते, शब्दकोशात 'वास' म्हणजे नुसता गंध. चांगला किंवा वाईट असं काहीच त्यात नाही. मग 'वास येतोय' म्हटलं की सगळ्यांना वाईटच का वाटतं? आणि सुवास, सुगंध, परिमळ, घमघमाट, दर्प यांतलं कुठे काय वापरायचं हे मुलीला कसं सांगावं?

प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याचं उत्तर 'वास' या शब्दात नाहीच. ते त्याच्या आधीच्या प्रत्ययात आहे. 'साडीचा वास येतोय' आणि 'साडीला वास येतोय' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. 'चा' लावला की आपण वासाची ओळख सांगतो: केवड्याचा वास येतोय, गॅसचा वास येतोय, शेजारी कुणाकडे तरी सुकट भाजल्याचा वास येतोय. यात निवाडा नाही, फक्त बातमी आहे. 'ला' लावला आणि मध्ये विशेषण नसलं, तर तो त्या वस्तूत शिरलेला दोष होतो. दुधाला वास येतोय म्हणजे दूध नासायला लागलं. भाताला वास येतोय, पाण्याला वास येतोय, तोंडाला वास येतो, यांतलं एकही वाक्य कौतुकाचं नाही. 'साडीला छान वास येतोय' एवढं मुलगी म्हणाली असती तर आजीने तिला जवळ घेतलं असतं. फरक त्या एका 'छान'चा.

तरीही 'ला' म्हणजे वाईट असा नियम करून टाकू नका. 'या गुलाबाला वासच नाही' ही तक्रार आहे. 'या बांगड्याला अजिबात वास नाही' ही शिफारस आहे, मासा ताजा आहे असं त्यातून सांगितलं जातं. रचना तीच, शब्द तेच, पण अर्थाचं वजन उलट बाजूला पडतं. ज्या वस्तूला वास असावा अशी आपली अपेक्षा असते तिथे नुसता 'वास' गुण ठरतो, जिथे नसावा तिथे दोष. म्हणून 'आंबेमोहोराला वास आहे' यात विशेषणाची गरज पडत नाही. 'वासाचा तांदूळ', 'वासाचं तेल', 'वासाची फुलं' या जोड्यांत तर 'वास' म्हणजे सरळ सुवासच. वासाचं तेल म्हणजे खवट तेल असं कुणालाही वाटणार नाही. दूध, पाणी, कपडे, माणसाचं अंग यांना मात्र वास नसणं हीच आपली नेहमीची स्थिती. त्यामुळे त्यांच्याबाबत नुसता उल्लेखही ठपक्यासारखा ऐकू येतो.

क्रियापदही निम्मं काम करतं. वास 'मारतो' तो वाईटच. चाफा वास मारत नाही, मोजे मारतात. स्वयंपाकघरातून वास 'सुटला' तर तो चांगला, पण गटाराजवळ दुर्गंधीही सुटते, तेव्हा सुटण्यावर फार विसंबू नये. 'दरवळणे' मात्र पक्कं आहे. ते वाईट वासाला लागत नाही, आणि कुणी मुद्दाम लावलंच तर ऐकणाऱ्याला खटकतं.

आता सुवास आणि सुगंध. कोशात हे दोन्ही एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतील, पण वापरात त्यांची घरं वेगळी आहेत. मला जाणवतं ते असं: सुवास वस्तूच्या अंगचा, सुगंध बऱ्याचदा बाहेरून दिलेला. जाईजुईची फुलं सुवासिक, तांदूळ सुवासिक. पण उटणं सुगंधी, सुपारी सुगंधी, दूध सुगंधी. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पकडलेल्या मालाच्या बातम्यांत 'सुगंधी तंबाखू' असतो, 'सुवासिक तंबाखू' असं कुणी लिहीत नाही. सीमारेषा काटेकोर नाही. अगरबत्तीच्या पुड्यावर दोन्ही चालतात आणि फुलांचा सुगंध म्हणणारेही भरपूर आहेत. पण 'सुवासिक' म्हटल्यावर शब्दात जो एक घरगुतीपणा येतो, तो 'सुगंधी'त येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

खाण्याच्या पदार्थांना हे दोन्ही शब्द परके आहेत. थालीपिठाच्या भाजणीचा 'सुगंध' लिहिला की ते पाकिटावरचं वाक्य वाटतं. घरातलं माणूस म्हणेल, 'भाजणीचा काय खमंग वास सुटलाय!' मराठीत पदार्थाचा चांगला वास सांगायला वेगळं नाम लागतच नाही. साधा 'वास' घ्यायचा आणि त्याला 'खमंग' जोडायचं. तुपातल्या बेसनाला खमंग, लसणीच्या फोडणीला खमंग. खिरीतल्या वेलचीला मात्र खमंग म्हणत नाहीत, कारण खमंगपणा भाजण्या-तळण्यातून, आचेतून येतो. ही बारीक वाटणी कुणी शिकवलेली नसते, पण चुकली की लगेच कानाला कळते.

'घमघमाट' मध्ये प्रमाण आहे. वास भरपूर, घरभर. लग्नघरात अत्तर-गुलाबपाण्याचा घमघमाट असतो तेव्हा तो आनंदाचा. लिफ्टमध्ये एकाच माणसाच्या अत्तराचा घमघमाट असला तर त्या शब्दाला जरा नाराजीची छटा येते. आणखी पुढे गेलं की 'दर्प'. दर्प नाकात घुसतो. औषधाचा दर्प, रॉकेलचा दर्प. चांगल्या वस्तूचाही दर्प असू शकतो, हे विसरू नये. उंची अत्तर अंगावर ओतून घेतलं तर त्याचाही दर्पच येतो. 'भपकारा' एका झोताने अंगावर येतो आणि बहुतेक वेळा दारूचा असतो. मला यात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की दर्प म्हणजे गर्वही आणि भपका म्हणजे डामडौलही. जो वास दुसऱ्यावर लादला जातो त्याच्यासाठी आणि जो माणूस स्वतःला दुसऱ्यावर लादतो त्याच्यासाठी, मराठीने शब्द एकाच ठिकाणाहून उचलले आहेत. मुलीला 'दर्प' शिकवायचा असेल तर दोन्ही अर्थ एकत्र सांगा, आयुष्यभर लक्षात राहील.

वाईट वासांची मराठीतली श्रीमंती तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, जुन्या खोबऱ्याचा खवट, बंद खोलीचा कोंदट, न धुतलेल्या माशांचा हिवस. 'आंबूस' मात्र दोन्हीकडे जातो: शिळ्या वरणाला आंबूस वास आला तर ते टाकायचं, आंबोळीच्या पिठाला आला तर ते नीट आलं म्हणायचं. 'घाण' शब्दाचं मूळ 'घ्राण', म्हणजे हुंगणं, नाक. मुळात त्यात वाईट काही नव्हतं. आज घाण म्हणजे दुर्गंध आणि तो जिच्यातून येतो ती मळकी वस्तूही. 'दुर्गंधी' हा त्याचा अर्जातला भाऊ. नाल्याबद्दल वॉर्ड ऑफिसला लिहिताना 'दुर्गंधी पसरली आहे' लिहितात. खिडकी लावताना तोंडातून 'किती घाण येतेय' हेच येतं.

'गंध' हा शब्द निवाडा न करणारा आहे, पण त्याचे कपडे पुस्तकी आहेत. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध या पाच इंद्रियांच्या विषयांच्या यादीत तो आहे, आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. त्यामुळे पहिल्या पावसानंतरच्या वासाला 'मृद्गंध' म्हणणं सुरेख बसतं. बोलताना मात्र आपण 'मातीचा वास'च म्हणतो आणि इथे त्या 'वास'ला कुठल्याही विशेषणाची गरज पडत नाही. कपाळाला लावायचं ते गंध नपुंसकलिंगी, नाकाला येतो तो गंध पुल्लिंगी, एवढं मुलीला जरूर सांगा. 'मला त्याचा गंधही नव्हता' मधला गंध म्हणजे पुसटशी कल्पना.

राहिला 'परिमळ'. पुण्या-मुंबईत हा आता कवितेचा आणि मुलांच्या नावांचा शब्द झाला आहे, रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही. पण तो असाच नाजूक होता असं समजू नये. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंच्या, १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराण या ओवीबद्ध ग्रंथात मराठीची थोरवी सांगताना 'परिमळांमाजी कस्तुरी' अशी उपमा आहे. कस्तुरी म्हणजे प्राण्यापासून मिळणारं, चांगलंच तीव्र द्रव्य, आणि तरीही तिच्यासाठी शब्द परिमळच. म्हणजे तेव्हा त्या शब्दात हलकेपणाची अट नव्हती; ती नंतर कवितेच्या सहवासाने आली असावी. कोकणीत 'परमळ' हा आजही साधा, रोजचा शब्द आहे. तुमची मुलगी गोव्यात वाढली असती तर फुलांबद्दल बोलताना तो तिच्या तोंडी सहज आला असता आणि कुणालाही तो काव्यमय वाटला नसता.