दहाव्या मिनिटाला येणारा ताण

तुम्ही विचारलंय, लिहायला बसलं की दहा मिनिटांत उठावंसं वाटतं, आणि तुमच्या योगवर्गात कुणी म्हणालं की लेखन हेही एक आसनच आहे, तर यात काही तथ्य आहे की नुसतं बोलायला बरं?

मी गोरेगावात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाच्या वर्गाला सात वर्षं जातेय, आणि दिवाळी अंकांसाठी वर्षाला एखाद-दुसरी कथा लिहिते. दोन्हींत बेताचीच. पण अडखळण्याचा अनुभव दांडगा आहे, तेवढ्या जोरावर सांगते.

तथ्य आहे. फक्त लोक सांगतात तिथे नाही. शीर्षासन म्हणजे जगाकडे उलटं बघणं, धनुरासन म्हणजे शब्दांचा बाण, असली वाक्यं चहाच्या मगवर छापायला ठीक. पतंजलीच्या १९५ योगसूत्रांत आसनावर जेमतेम ३ सूत्रं आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. पहिलं तेवढं सगळ्यांना पाठ असतं: स्थिरसुखमासनम्. स्थिर आणि सुखाचं बसणं. गवयाला लागते, भजनी मंडळाला लागते, ती आपली बैठकच की ही. दुसरं सूत्र सांगतं की प्रयत्न सैल सोडल्याने आणि अनंतात मन लावल्याने आसन साधतं. अनंताचं राहू द्या, आपल्याला जुलैअखेर कथा द्यायची असते. पण प्रयत्न सैल सोडणं म्हणजे काय, हे मला पश्चिमोत्तानासनात कळलं, तेही उशिरा.

पाय लांब करून पुढे वाकायचं आणि पावलं धरायची. माझे हात नडगीच्या पुढे जात नसत. शेजारची हसत अंगठे धरायची, मग मी हिसके द्यायचे. एक, दोन, तीन, अजून थोडं! ताई मागून येऊन म्हणायच्या, "ढकलू नका. ताण येईल तिथे थांबा आणि श्वास सोडा." मला वाटायचं, थांबून कुणी पुढे जातं का? पण शरीराचा हिशोब खरंच तसा आहे. स्नायूंच्या आत ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. स्नायू झटक्याने ओढला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि आखडण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला कुणी विचारतही नाही. म्हणजे मी जितके हिसके देत होते तितकी मांडीची मागची बाजू मला मागे ओढत होती. सावकाश जाऊन अर्धा मिनिट तिथेच राहिलं, की पकड ढिली होते आणि बोटभर जागा मिळते.

तुमचं दहावं मिनिट म्हणजे हीच जागा. तिथे आपण दोनच गोष्टी करतो, हिसका देतो किंवा उठतो. उठण्याचे बहाणे मी सांगायला नकोत, गॅसवर दूध असतंच. हिसक्याचं मात्र सांगते. तीन वर्षांपूर्वी एका कथेचा शेवट सुचेना. तारीख जवळ आलेली, बाहेर मुसळधार पाऊस, गाड्या बंद म्हणून घरीच होते. एका रात्रीत नायिकेला मी आजारी पाडलं, भावाला परत आणलं, दोघांचा समेट करून टाकला. छापून आली. आत्याचा फोन आला, "सुरुवात छान आहे गं, पण शेवटी तुला कुठली गाडी पकडायची होती?"

आता अडले की मी लिहीत नाही आणि उठतही नाही. वही पुढ्यात असते, फोन दुसऱ्या खोलीत, पावलं जमिनीला टेकलेली (लोंबकळत्या पायांनी बैठक होत नाही, खुर्ची उंच असेल तर खाली पाट घ्या). शेवटचं वाक्य पुन्हा वाचायचं आणि दहा श्वास मोजायचे. बहुतेकदा काहीच येत नाही. कधीतरी बोटभर येतं. तेवढ्यावर त्या दिवशी उठते.

वृक्षासनाने वेगळंच शिकवलं. एका पायावर उभं राहायचं, नजर एका जागी. आमच्या हॉलच्या भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, दर पावसाळ्यात वाढतो, मी त्याच्याकडे बघते. तोल डोळे, कानाच्या आतला भाग आणि पावलांची जाणीव मिळून सांभाळतात, म्हणून डोळे मिटले की भलेभले डगमगतात. पण खाली बघा. लांबून स्थिर दिसणाऱ्या माणसाचं पाऊल सारखं हलत असतं, घोटा क्षणाक्षणाला तोल सावरत असतो. मी एक वाक्य चार वेळा खोडते तेव्हा पूर्वी वाटायचं की आपल्याला लिहिता येत नाही. आता वाटतं, घोटा काम करतोय. आणि तोल जातो तो शेजारणीकडे बघितलं की. कुणाचं पुस्तक आलं, कुणाला कुठला पुरस्कार, हे चर्चगेटहून परतताना लोकलमध्ये वाचलं की त्या रात्री वही उघडतच नाही.

योगसूत्रांत ९ अडथळ्यांची यादी आहे. आजारपण, संशय, आळस वगैरे ओळखीची मंडळी आहेतच. शेवटचे दोन बघा: अलब्धभूमिकत्व, म्हणजे जिथे पोचायचं तिथे न पोचणं, आणि अनवस्थितत्व, म्हणजे पोचून तिथे न टिकणं. काल झकास जमलेला परिच्छेद आज परका वाटतो, तो हा नववा अडथळा. त्याला इतकं जुनं नाव आहे हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

एका ठिकाणी ही तुलना साफ फसते, तेही सांगायला हवं. चुकीचं आसन दुसऱ्या दिवशी कमरेत बोलतं. चुकीचं वाक्य छापून येईपर्यंत गप्प बसतं. म्हणून वाचणारं एक परखड माणूस लागतं. माझ्याकडे आत्या आहे.

राहिलं शवासन. हठयोगप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे, प्रेतासारखं उताणं पडणं, थकवा घालवणारं, चित्ताला विश्रांती देणारं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार त्याला साधायला सर्वांत अवघड आसनांपैकी एक मानत. आमच्या वर्गात नेमक्या त्याच वेळी निम्म्या बायका चटया गुंडाळतात, कारण डबे भरायचे असतात. मीही गुंडाळायचे, आणि कथाही लिहून झाली की त्याच संध्याकाळी पाठवून द्यायचे. आता लिहून झालेली कथा पंधरा दिवस बघायची नाही असा नियम केलाय. सध्या एक कपाटात चादरींच्या खाली आहे. आज अकरावा दिवस. काल चादर बदलायच्या निमित्ताने दोनदा कपाट उघडलं.