फोंडा घाटातलं धुकं: बार नको, फॉग लॅम्प घ्या, आणि वायर सोलू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली. दर शनिवारी कोल्हापूरहून फोंडा घाटाने कणकवलीला जाता. गाडी मधल्या व्हेरिएंटची, त्यामुळे बंपरमध्ये फॉग लॅम्पच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचं काही दिसत नाही. आणि दुकानदार म्हणतोय की एलईडी बार (एका पट्टीत ओळीने बसवलेले एलईडी दिवे) लावू, हेडलाइटला १००/९० वॅटचे बल्ब टाकू, वॉरंटीला काही होत नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण मलाही शब्दशः हेच सांगितलं होतं. मी सावंतवाडीची, कामासाठी आंबोलीमार्गे बेळगावला जा-ये असते. इलेक्ट्रिशियन नाही आणि वकीलही नाही. घाटात गाडी चालवून आणि वर्कशॉपच्या काउंटरवर भांडून जे कळलं तेवढं सांगते.

आधी दिव्याचं. जास्त उजेड म्हणजे धुक्यात जास्त दिसणार, ही समजूत पहिली काढून टाका. धुक्यात अप्पर मारून बघितला असेलच, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. पाण्याच्या थेंबांवरून आपलाच उजेड उलटून आपल्या डोळ्यांत येतो. फॉग लॅम्पची सगळी करामत त्याच्या झोतात असते. झोत रुंद, बुटका आणि वरच्या बाजूने सरळ रेषेत कापलेला. त्यात रस्त्याच्या दोन्ही कडा, साइडपट्टी, कठड्याचे दगड, कडेने चालणारी माणसं दिसतात आणि वर उजेड जवळजवळ जातच नाही. आंबोलीत जुलै-ऑगस्टच्या रविवारी धबधब्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्या कशाही लावलेल्या असतात, मधून छत्र्या घेऊन लोक फिरत असतात. तिथे मला लांबचं काही बघायचं नसतं, डावीकडचं दहा-पंधरा मीटर दिसलं तरी खूप झालं.

दिवा जितका खाली तितका चांगला, कारण तो डोळ्यांच्या पातळीपासून दूर राहतो आणि उलटून येणारा उजेड कमी जाणवतो. युरोपातल्या नियमात कारच्या फॉग लॅम्पची जागा जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटरच्या आत ठरवून दिलीय. तुमच्या बंपरमधली ती झाकणाची जागा याच हिशेबात बसते. ती सोडून नंबरप्लेटच्या वर किंवा टपावर बार लावण्यात काही अर्थ नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बारना वरची कापच नसते. धुक्यात तुम्हाला त्रास आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला त्याहून जास्त त्रास. घाटातल्या वळणावर समोरच्याला आंधळं करून आपण सुरक्षित कसे राहणार?

ड्रायव्हिंग लॅम्प ही वेगळीच वस्तू. त्यांचा झोत लांब आणि अरुंद, ते अप्परच्या जोडीनेच लागायला हवेत आणि डिप्पर दिला की विझायला हवेत. त्यांना मी नावं ठेवत नाही. राधानगरी-दाजीपूर पट्ट्यात रात्री गवे रस्त्यावर येतात, आणि गव्याचं ते काळं धूड साध्या हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसतं. कोरड्या रात्री, समोर गाडी नसताना, ड्रायव्हिंग लॅम्प तिथे खरंच कामाला येतात. पण तुमचा प्रश्न धुक्याचा आहे, म्हणून पैसे आधी फॉग लॅम्पवर घाला.

रंगाबद्दल माझं मत: पिवळा घ्या, ३००० केल्विनच्या आसपासचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर होत जातो). ‘पिवळा उजेड धुकं फाडतो’ असं दुकानात सांगतात, ते तेवढंसं खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, पसरतात सारखेच. फ्रान्समध्ये पिवळे हेडलॅम्प १९९३ पर्यंत सक्तीचे होते, मग तीही सक्ती गेली. तरी ओल्या डांबरावर मला पिवळा सोसतो आणि ६००० केल्विनचा निळसर पांढरा डोळ्यांना टोचतो. तुमचे डोळे वेगळे असतील, तर ४३०० पर्यंत जा. त्याच्या वर मात्र नको.

१००/९० च्या बल्बला सरळ नाही म्हणा. तुमचा मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा, पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिप्परचा. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर. वायर, होल्डर, रिफ्लेक्टर सगळं पाचासाठी बनवलेलं. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो, आणि धुक्यात फायदा शून्य. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवणंही टाळा, फिलामेंट असायला हवं त्या नेमक्या जागी चिप नसली की झोत विस्कटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या गाडीला शहरातल्या एका अॅक्सेसरीजच्या दुकानात फॉग लॅम्प बसवून घेतले. दिवे उत्तम होते, आजही आहेत. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, बॅटरीवरून वेगळी लाइन घ्या, मूळ वायरला हात लावू नका, हे मी तोंडी सांगितलं होतं आणि बिलावर लिहूनही घेतलं होतं. रिले लागला, बॉनेट उघडल्यावर समोरच दिसत होता. पण रिलेचा ट्रिगर, म्हणजे रिलेला चालू हो सांगणारी वायर, दुकानातल्या पोऱ्याने हेडलाइटमागच्या पार्किंग लाइटची वायर सोलून घेतला, पीळ मारला आणि वरून काळी टेप गुंडाळली. बंपर बसवल्यावर ते कुणाला दिसणार! पावसाळा अर्धा झाला नाही तोच डाव्या बाजूचे दिवे लुकलुकायला लागले, मग डॅशबोर्डवर इशारे. बंपर काढला तेव्हा त्या टेपखालून पाणी निथळलं आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

इथपर्यंत चूक दुकानाची, आणि तो जॉइंट दुरुस्त करायचे पैसे मी द्यायला तयार होते. राग आहे तो सर्व्हिस सेंटरवर. दिव्यांचं सोडा, त्याच भेटीत मी एसीच्या ब्लोअरची जुनी तक्रार सांगितली. ती फॉग लॅम्प बसवायच्या आधीपासूनची, आधीच्या जॉबकार्डवर (गाडी सर्व्हिसला देताना तक्रारी लिहितात त्या कागदावर) नोंदलेली. उत्तर आलं, ‘मॅडम, बाहेरचं वायरिंग झालंय, आता सगळ्या इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली.’ ब्लोअरचा आणि बंपरमधल्या दिव्याचा काय संबंध, हे विचारल्यावर ‘सिस्टीम घेत नाही’. मग लेखी द्या म्हटलं, तर लेखी देत नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी तक्रार घेतली आणि ती फिरून त्याच सर्व्हिस सेंटरकडे आली, दुसऱ्या दिवशी ‘निराकरण झाले’ असा मेसेज. आठवडेच्या आठवडे हे असं चाललं. ब्लोअर शेवटी मी माझ्या पैशांनी बदलला, कारण पावसात काचेवरची आतली वाफ जात नसताना गाडी घरी उभी करून ठेवणं परवडत नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगते, असं काही झालं तर पहिल्याच दिवशी नकार जॉबकार्डवर लिहून मागा. देत नसतील तर तिथेच उभं राहून त्यांना ईमेल करा: अमुक तारखेला, अमुक तक्रारीसाठी, अमुक कारण सांगून वॉरंटी नाकारली. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. माझ्याकडे ब्लोअरची जुनी नोंद होती, नकाराचा कागद नव्हता, आणि तेवढ्यावर ते निभावून गेले.

तुमच्या बाबतीत मी हे करेन. आधी कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरीजमध्ये तुमच्या मॉडेलचा फॉग लॅम्प किट आहे का विचारा. वरच्या व्हेरिएंटला फॉग लॅम्प येत असतील तर बहुधा असतोच, आणि बऱ्याच गाड्यांत बंपरमागे त्याचा कनेक्टरही आधीच सोडलेला असतो. महाग पडेल, तरी डीलरकडूनच बसवा आणि बिलावर फिटिंगसकट नोंद घ्या. नसेलच, तर हेला किंवा मिंडासारख्या कंपन्यांचा रिलेसकट तयार हार्नेस (जोडणीच्या वायरांचा तयार संच) घ्या. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे साधारण ९ अँपिअर, फ्यूज १५ चा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. ट्रिगर फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅपने घ्यायचा, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणाऱ्या जोडणीने, वायर न सोलता. नव्या गाड्यांत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतात, तिथे सोललेली एक वायरही महागात जाते. आणि बंपर परत चढवण्याआधी स्वतः वाकून बघा, जमलं तर फोटो काढा. दुकानदाराला आवडणार नाही, न आवडू दे.

कायद्याचं थोडक्यात: केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १११ वा नियम गाडीच्या पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायला मनाई करतो, आणि परवानगी नसलेल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. बार त्यात कसा धरतील ते अडवणाऱ्यावर अवलंबून. मी तो धोका घेणार नाही.

दिव्यांवर खर्च करण्याआधी एक फुकटचं काम करा. काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा तेलकट थर काचेवर बसतो आणि समोरच्या दिव्याचा उजेड त्यावर फुटतो. हेडलाइटची प्लास्टिक काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. धुक्यात चालत्या गाडीचे हॅझर्ड (चारी इंडिकेटर एकदम) लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही.

दिवे बसले की रात्री सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि झोताची वरची कड त्याच्या २० सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवा. हे करताना डिकीत नेहमीचं सामान आणि मागच्या सीटवर माणसं असू द्या, नाहीतर गाडी भरल्यावर नाक वर होतं आणि झोतही वर जातो. मॉडेल, व्हेरिएंट आणि वर्ष इथे लिहा, कनेक्टर कुठे असतो ते माहीत असलेलं कुणीतरी नक्की सांगेल.