लेकीला एआयची ऑपरेटर व्हायचंय

मुखेड तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. ते विजेच्या ३३ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहेत. मुलगी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते लिहितात : "लेकरू हुशार आहे, पण गणिताचा एक पेपर दोनदा द्यावा लागला. म्हणते, एआयच्या संशोधनातच जाणार, पण संशोधक नाही व्हायचं. ज्या मशीनवर संशोधन चालतं ती सांभाळायची. तिचे मामा म्हणतात, ही कॉम्प्युटरची हमाली झाली, त्यापेक्षा पुण्यात दीड लाखाचा एआय कोर्स लावा. तिच्या आईला रात्रपाळीची धास्ती. आमच्या उपकेंद्रात पाच एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत, तेवढंच मला कळतं. काय करावं?"

नमस्कार भाऊ,

तेवढंच कळतं म्हणालात, पण या प्रश्नाला तेवढं पुरेसं आहे.

मेटा कंपनीने २०२२ मध्ये ओपीटी-१७५बी नावाचं एक मोठं भाषा-मॉडेल जाहीर केलं. सोबत, ते घडवताना इंजिनिअर लोकांनी लिहिलेली नोंदवहीही खुली केली. ९९२ जीपीयू, म्हणजे एआयचे हिशेब करणाऱ्या चिपा, होते; काम साधारण दोन महिने चाललं. हार्डवेअर बिघडल्यामुळे किमान ३५ वेळा माणसांनी हाताने काम पुन्हा चालू केलं आणि शंभरावर मशीन कामातून बाजूला काढाव्या लागल्या. रात्री कोण होतं, काय पडलं, काय करून पाहिलं, सकाळच्या माणसाला काय सांगायचं, असं सगळं त्या वहीत आहे. मुलीला ती वाचायला सांगा आणि तुम्हीही शेजारी बसा. इंग्रजीत असली तरी आपल्या लॉगशीटची बहीण आहे, हे तुम्ही लगेच ओळखाल.

आता दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच कंपनीने लामा ३ या पुढच्या भाषा-मॉडेलचा अहवाल दिला. जीपीयू १६,३८४. चोपन्न दिवसांत काम ४६६ वेळा थांबलं, त्यातले ४१९ थांबे अचानक आलेले. म्हणजे दर तीन तासांना एक ट्रिपिंग! पण माणसाला मोठा हात घालावा लागला फक्त तीनदा. बाकीचं सगळं यंत्रणेने स्वतः निस्तरलं : बिघडलेलं मशीन ओळखलं, वगळलं, काम पुढे चालू केलं. पस्तीसवरून तीनवर कोणी आणलं? तुमच्या मुलीला जे काम करायचंय, ते करणाऱ्यांनी. मामांना हा आकडा जरूर सांगा.

हे इतकं अवघड का, तेही सांगतो. तुमच्याकडे गावठाण फीडर ट्रिप झाला तरी शेतीचा चालू राहतो. इथे तसं नाही. हजारो जीपीयू एकाच हिशेबाचे तुकडे वाटून घेतात आणि दर पावलाला एकमेकांची उत्तरं जुळवतात. एक गप्प झाला की सगळे ताटकळतात. म्हणून ठरावीक वेळाने मॉडेलची आहे ती अवस्था डिस्कवर उतरवून ठेवतात, त्याला चेकपॉइंट म्हणतात. दर तासाला घेतला आणि एकोणसाठाव्या मिनिटाला मशीन पडलं, तर सोळा हजार जीपीयूंची एकोणसाठ मिनिटं पाण्यात. दर मिनिटाला घ्यावा, तर लिहिण्यातच वेळ जातो. मधला मेळ बसवायला डिस्क, नेटवर्क आणि बिघाडाचा अंदाज, तिन्हीची जाण लागते.

आणि वीज! त्यांनी वापरलेला एच१०० जीपीयू ७०० वॉटपर्यंत खातो. १६,३८४ ने गुणा : नुसत्या चिपांचेच ११ मेगावॉटच्या वर. तुमचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर मिळून फार तर दहा मेगावॉट देतील, म्हणजे अपुरेच पडतील. त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. दुपारच्या उन्हाने कामाचा वेग एक ते दोन टक्के वर-खाली व्हायचा. आणि चेकपॉइंटसाठी सगळे जीपीयू एकदम थांबले किंवा एकदम सुरू झाले, की डेटा सेंटरचा लोड दहा-वीस मेगावॉटने हिंदकळायचा. मे महिन्यात शेतीचा फीडर लावताना अँपिअरच्या काट्याकडे बघत तुम्ही जे अनुभवता, तेच. हे लेकीला तुमच्याइतकं नीट तिचे प्राध्यापकही सांगू शकणार नाहीत.

गणिताचं म्हणाल, तर या कामात ते संशोधकाइतकं लागत नाही. पण मॅट्रिक्सच्या गुणाकाराला घाबरून चालायचं नाही, नाहीतर संशोधक काय मागतोय तेच कळणार नाही. पेपर दोनदा दिला तर दिला. त्यापेक्षा मी तिला विचारीन, की लॅबमधलं मशीन बंद पडलं तर तू रीस्टार्ट मारतेस की आधी लॉग वाचतेस?

मागे एका कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो होतो. लाखभराचं ग्राफिक्स कार्ड असलेलं एकच मशीन, मॉनिटरला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या : "शुक्रवारपर्यंत हात लावू नये." एका पोराचं दोन दिवस चाललेलं काम दुसऱ्याने रविवारी बंद करून आपलं चालू केलं होतं, त्यावरून दोघांचं बोलणं बंद. बाकी वेळ मशीन रिकामंच. मोठ्या संशोधन संस्थांतही हेच दुखणं असतं, फक्त चिठ्ठ्यांच्या जागी स्लर्म असतं. स्लर्म म्हणजे कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर : कोणाला किती जीपीयू, किती वेळ, कोणाचा नंबर आधी. ते फुकट मिळतं आणि जगातल्या कितीतरी सुपरकॉम्प्युटरवर चालतं.

म्हणून दीड लाखाचा कोर्स नको. तिथे बहुधा तयार मॉडेल तयार डेटावर चालवून दाखवतील आणि प्रमाणपत्र देतील, तिचा रस्ता तो नाही. पंधरा-वीस हजारांत दोन जुने डेस्कटॉप, ते जोडायला एक नेटवर्क स्विच आणि एक बरा यूपीएस घेऊन द्या. त्यावर लिनक्स, मग स्लर्म. प्रोमिथिअस आणि ग्राफाना ही मशीनवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर बसवून तापमान आणि लोडचे आलेख काढायचे. सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि लिनक्सला हुकूम द्यायचं बॅश. मग काम चालू असताना एका मशीनची वायर मुद्दाम उपटायची आणि पाहायचं, काम आपोआप दुसरीकडे उभं राहतं का. नाही राहिलं, तर का नाही, ते वहीत लिहायचं. मुलाखतीत ती वही प्रमाणपत्रापेक्षा जड पडते, हे मी पाहिलंय.

पदवीनंतर पुण्याचं सी-डॅक, म्हणजे सरकारची संगणक संशोधन संस्था, डोळ्यापुढे ठेवा. परम ही सुपरकॉम्प्युटरांची मालिका त्यांचीच. २०२० मध्ये त्यांचा परम सिद्धी-एआय जगातल्या सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत ६३वा होता. सी-डॅकचा एचपीसी (म्हणजे सुपरकॉम्प्युटरसारख्या मोठ्या यंत्रणांच्या) सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून आयआयटी, आयसरसारख्या संस्थांतही मशीन बसलीत, ती सांभाळायला माणसं लागतात.

एक खरं सांगून टाकतो. थेट एआय संशोधनाच्या यंत्रणेत पहिली नोकरी क्वचित मिळते. आधी दोन-तीन वर्षं साध्या सर्व्हरची, क्लाउडची नोकरी करावी लागेल. मामा तेव्हा पुन्हा हमाली म्हणतील, म्हणू द्या.

ताईंच्या काळजीचं. रात्रीची जबाबदारी असते, पण पाळीपाळीने, आणि बहुतेक वेळा खोलीवर बसून लॅपटॉपवरच काम होतं. घरात एवढी वर्षं नाइट ड्युटी पाहिलेली मुलगी आहे, तिला त्याचं नवल वाटणार नाही.

तुम्ही तिला एक शिकवा. लाइनवर माणूस चढण्याआधी परमिट कसं देता, ब्रेकर काढल्याची खात्री कशी करता, माणूस उतरून परमिट परत येईपर्यंत लाइन का चार्ज करत नाही, ते तिला एक दिवस उपकेंद्रात नेऊन दाखवा. चालू मशीनवर कोणाला न सांगता बदल करून सगळ्यांचं काम झोपवणारे इंजिनिअर मी बरेच पाहिलेत. सोबत तुमची जुनी लॉगशीटही दाखवा. पुढचं पत्र मात्र तिलाच लिहू द्या. वायर उपटल्यावर काय झालं, ते मला तिच्याकडून ऐकायचंय.